अ‍ॅस्बेस्टॉसमध्ये काम केलेल्यांची रक्ततपासणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिमेंटच्या पत्र्यांचा किंवा पाइपांचा कारखाना, ब्रेक लायनिंगचं खातं, गिरणीचा बॉयलर, रेल्वेचं वर्कशॉप, गोदी, जहाजं तोडायचा धक्का, अशा ठिकाणी पूर्वी काम केलेल्या आणि आता घरी बसलेल्या मंडळींसाठी हे पान आहे. त्यांच्या मुलामुलींसाठीही आहे, कारण लॅबचा रिपोर्ट हातात धरून प्रश्न विचारायला बहुतेक वेळा तीच येतात. मुख्य उत्तर आधीच देतो. तुम्हाला पुढे कर्करोग होणार की नाही हे खात्रीनं सांगेल अशी रक्ताची तपासणी आज नाही. ज्या आहेत त्या संशोधनासाठी आणि काही रुग्णांच्या उपचारावर लक्ष ठेवण्यासाठी कामाच्या आहेत. हे असं का, आणि मग तुम्ही करायचं काय, ते खाली आहे.

काम सोडून पंचवीस वर्षं झाली. आता कसली भीती?

भीती नको, पण विसरूही नका. अ‍ॅस्बेस्टॉसचे धागे अतिशय बारीक असतात. श्वासाबरोबर खोल गेलेले काही धागे शरीराला विरघळवताही येत नाहीत आणि बाहेरही टाकता येत नाहीत. तिथे वर्षानुवर्षं सूज धुमसत राहते. फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग, म्हणजे मेसोथेलिओमा, साधारण तीस-चाळीस वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसतो. फुप्फुसाच्या कर्करोगालाही सहसा वीसेक वर्षं लागतात. म्हणून धूळ अंगावर घेतली तेव्हा ठणठणीत असलेला माणूस साठी-सत्तरीत आजारी पडतो आणि तोवर कारखान्याचं नावही कुणाच्या लक्षात नसतं. स्वरयंत्राचा आणि स्त्रियांमध्ये बीजांडकोशाचा कर्करोगही अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं मान्य केलं आहे. निळं, तपकिरी, पांढरं, सगळे प्रकार त्यात आले. ‘पांढरं निरुपद्रवी असतं’ असं कुणी सांगितलं तर त्याचा धंदा काय आहे ते आधी विचारा.

रक्तात धागे दिसतात का?

नाही. धागे फुप्फुसात आणि त्याच्या आवरणात असतात. रक्तात बघतात ते शरीराचे पडसाद: पेशींवरून गळून आलेली प्रथिनं, डीएनएला झालेल्या इजेच्या खुणा, सूक्ष्म आरएनएचे तुकडे, पेशी बदलू लागल्यावर शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं. यातल्या काही खुणा फक्त ‘इथे धुळीनं त्रास दिला आहे’ एवढंच सांगतात, काही ‘धोका वाढलेला असावा’ असं सुचवतात आणि काही ‘गाठ आधीच आहे’ असं म्हणतात. लोक या तिन्ही गोष्टी एकच समजतात आणि लॅबचं पत्रकही फरक करत नाही. धोका दाखवणारी खूण आणि रोग दाखवणारी खूण यांत मोठं अंतर आहे.

मेसोथेलिन, मेसोथेलिन ऐकतो. ते काय आहे?

फुप्फुस, हृदय आणि पोट यांच्या आवरणांच्या पेशींवर असणारं एक प्रथिन. मेसोथेलिओमाच्या पेशी ते मोठ्या प्रमाणात तयार करतात आणि त्याचे विरघळलेले तुकडे रक्तात उतरतात. ते मोजायचं ही कल्पना.

ती गाजली ती पश्चिम ऑस्ट्रेलियातून, आणि तेही उगाच नाही. तिथल्या विटनूम गावात १९४३ ते १९६६ निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसची खाण चालली. खाण बंद पडून दशकं लोटली तरी तिथले कामगार आणि त्यांच्या बायकामुलांमध्ये मेसोथेलिओमा होतच राहिला. त्यामुळे पर्थच्या डॉक्टरांकडे रुग्णही होते आणि धूळ अंगावर घेतलेल्या निरोगी लोकांचं साठवलेलं रक्तही. २००३ साली त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले. मेसोथेलिओमाच्या ४४ रुग्णांपैकी ३७ जणांत ही पातळी वाढलेली होती. त्याहून लक्षवेधी भाग पुढचा. अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध आलेल्या, पण रोग नसलेल्या ४० जणांपैकी सात जणांत पातळी जास्त होती. त्या सातांपैकी तिघांना पुढच्या काही वर्षांत मेसोथेलिओमा झाला आणि एकाला फुप्फुसाचा कर्करोग. उरलेल्या ३३ जणांपैकी आठ वर्षांत एकालाही मेसोथेलिओमा झाला नाही.

जगभर आशा पालवली, ती साहजिक होती. पण चाळीस माणसं म्हणजे चाळीसच माणसं. पुढे मोठे अभ्यास झाले आणि आकडे खाली आले. २०१२ साली सोळा अभ्यासांतली जवळपास साडेचार हजार माणसं एकत्र धरून हिशेब केला गेला. निरोगी लोकांपैकी फक्त पाच टक्क्यांना चुकून ‘पॉझिटिव्ह’ म्हणायचं अशी मर्यादा घातली, तर सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांपैकी जेमतेम ३२ टक्के सापडत होते. म्हणजे जिथे तपासणीची खरी गरज, तिथेच ती कमी पडते. अमेरिकेत २००७ साली या तपासणीला परवानगी मिळाली ती रोगाचं निदान झालेल्यांवर लक्ष ठेवण्यासाठी, निरोगी माणसांत रोग शोधण्यासाठी नव्हे.

दोन-तीन खुणा एकत्र बघितल्या तर?

जास्त बरं, आणि आत्तापर्यंतचं सर्वांत प्रामाणिक काम याच दिशेनं झालं आहे. जर्मनीतल्या बोखुम इथल्या संस्थेनं पूर्वी अ‍ॅस्बेस्टॉसमध्ये काम केलेल्या २,७६९ जणांचं रक्त वर्षानुवर्षं, ठरावीक अंतरानं घेतलं. या सगळ्यांना अ‍ॅस्बेस्टॉसमुळे काही ना काही आजार होता, पण कर्करोग नव्हता. त्यांच्यातल्या ३४ जणांना पुढे मेसोथेलिओमा झाला. मग त्यांचं आधीचं साठवलेलं रक्त काढून कॅलरेटिनिन आणि मेसोथेलिन ही दोन प्रथिनं मोजली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: कर्करोग न झालेल्यांपैकी ९८ टक्क्यांना बरोबर ‘कर्करोग नाही’ म्हणत असताना ही जोडी निदानाच्या साधारण वर्षभर आधी ४६ टक्के रुग्ण ओळखू शकली.

रोग कळल्यानंतर घेतलेल्या रक्तात खूण सापडणं सोपं असतं. आधीच्या रक्तात सापडणं अवघड. म्हणून हा ४६ चा आकडा जाहिरातींतल्या नव्वदीच्या आकड्यांपेक्षा जास्त वजनाचा आहे.

मग सगळ्या माजी कामगारांची ही तपासणी सरसकट का करत नाहीत?

कागद-पेन घ्या. समजा दहा हजार माजी कामगार आहेत आणि येत्या वर्षभरात त्यांच्यातल्या दहा जणांना मेसोथेलिओमा होणार आहे. हा आकडा मी हिशेबासाठी धरला आहे, आणि तसा चढाच धरला आहे. जर्मन अभ्यासाइतकी चांगली तपासणी केली तर दहापैकी चार-पाच जण सापडतील. उरलेल्या ९,९९० निरोगी लोकांपैकी दोन टक्के, म्हणजे जवळपास दोनशे जण, चुकून पॉझिटिव्ह येतील. दोनशे चारच्या आसपास घरांत ‘कॅन्सर असू शकतो’ असा कागद जाईल आणि त्यातली दोनशे घरं विनाकारण हवालदिल होतील. सीटी, बायोप्सी (तुकडा काढून तपासणं), तालुक्याहून मुंबईच्या फेऱ्या, उधारी, हे सगळं त्यांच्या वाट्याला. दुसरीकडे पाच-सहा खऱ्या रुग्णांच्या हातात ‘नॉर्मल’चा कागद.

दुसरं कारण बोलायला अवघड आहे. लवकर सापडला म्हणून माणूस जास्त जगला, हे मेसोथेलिओमात अजून सिद्ध झालेलं नाही. २००३ सालच्या चाचणीत सिसप्लॅटिन या केमोथेरपीच्या औषधाला पेमेट्रेक्सेड या दुसऱ्या औषधाची जोड दिल्यावर रुग्णांचं मध्यम आयुष्य ९.३ महिन्यांवरून १२.१ महिन्यांवर गेलं. २०२१ मध्ये छापलेल्या निष्कर्षांत दोन इम्युनोथेरपी औषधांनी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणाऱ्या) ते १८.१ महिने झालं, केमोथेरपीवर होतं १४.१. आवरण सोलून काढायची मोठी शस्त्रक्रिया तरी उपयोगी पडेल असं वाटत होतं, पण ब्रिटनमधल्या चाचणीत ती केल्यानं आयुष्य वाढलं नाही, उलट त्रास वाढला. उपचार पुढे सरकत आहेत. पण आज तरी लवकर कळण्याचा निश्चित फायदा दाखवता येत नाही, म्हणून अ‍ॅस्बेस्टॉसच्या आजारांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या हेलसिंकी निकषांच्या २०१४ च्या आवृत्तीतही मेसोथेलिओमासाठी सरसकट चाळणी तपासणी सुचवलेली नाही.

ऑस्टिओपॉन्टिन आणि फिब्युलिन-३ यांचं पुढे काय झालं?

ही मेसोथेलिनसारखीच रक्तात मोजायची दोन प्रथिनं. दोन्ही मोठ्या गाजावाजात आली. २००५ मध्ये ऑस्टिओपॉन्टिन, २०१२ मध्ये फिब्युलिन-३, दोन्ही एकाच नामांकित अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात. ऑस्टिओपॉन्टिन इतर अनेक कर्करोगांत आणि नुसत्या सुजेतही वाढतं. शिवाय रक्त गोठू देऊन मोजलं की वेगळं आणि न गोठवता मोजलं की वेगळं येतं. फिब्युलिन-३ चे पहिले आकडे थक्क करणारे होते, ९६ टक्क्यांच्या वर. दोनच वर्षांत ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी स्वतःच्या रुग्णांवर ते ताडून पाहिलं, तर निदानासाठी ते जुन्या मेसोथेलिनपेक्षाही कमी पडलं.

रिपोर्टमध्ये मेसोथेलिन जास्त आलं आहे. काय करू?

आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम कसं चाललं आहे हे दाखवणारा रक्तातला घटक, तपासा. मेसोथेलिनचे तुकडे मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. मूत्रपिंड मंदावलं की पातळी आपोआप चढते. वय वाढलं तरी थोडी चढते. साठीपुढचा, मधुमेह आणि रक्तदाब असलेला निवृत्त कामगार डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कळेल की आपल्याकडे ही अडचण किती मोठी आहे. बीजांडकोशाच्या आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगातही हे प्रथिन वाढतं. एकाच आकड्यावर काहीच ठरवू नका. छातीच्या डॉक्टरांना भेटा, पूर्वीचं काम सांगा, आणि पुन्हा मोजायचं झालं तर त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीनं मोजा. एका आकड्यापेक्षा आकडा चढत चालला आहे का, हे जास्त सांगतं.

आणि नॉर्मल आलं तर निश्चिंत?

नाही. मेसोथेलिओमाचा सार्कोमॅटॉइड नावाचा एक आक्रमक प्रकार आहे, त्यात मेसोथेलिन फारसं गळतच नाही. फुप्फुसाच्या कर्करोगासाठी तर ही तपासणी बनलेलीच नाही, आणि अ‍ॅस्बेस्टॉसमध्ये काम केलेल्या विडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाला खरा मोठा धोका त्याचाच आहे. मला विचाराल तर खोट्या पॉझिटिव्हपेक्षा हा खोटा दिलासा जास्त घातक. नॉर्मलचा कागद खिशात ठेवून माणूस दम लागतोय याकडे वर्षभर दुर्लक्ष करतो.

‘फुल बॉडी चेकअप’मध्ये सीईए आणि सीए-१२५ असतंच. ते पुरेसं नाही का?

ही दोन्ही इतर कर्करोगांच्या खुणा म्हणून रक्तात मोजली जाणारी प्रथिनं आहेत. या कामासाठी ती पुरेशी नाहीत. सीईए मेसोथेलिओमात सहसा वाढतच नाही. सिगारेट ओढणाऱ्यांत मात्र कर्करोग नसतानाही थोडं वाढलेलं दिसतं. सीए-१२५ क्षयरोगातही वाढतं, म्हणजे आपल्या देशात तर विचारूच नका. पॅकेजमध्ये आहे म्हणून केलेल्या तपासण्या आणि तुमच्या धोक्यासाठी निवडलेल्या तपासण्या यांचा एकमेकींशी संबंध असेलच असं नाही.

मग फुप्फुसाच्या कर्करोगासाठी काय करायचं?

इथे रक्तापेक्षा दोन गोष्टी वरचढ आहेत. पहिली म्हणजे तंबाखू सोडणं. अमेरिका आणि कॅनडातल्या, पाइप-बॉयलरवर अ‍ॅस्बेस्टॉसचं वेष्टण चढवणाऱ्या सुमारे १७,८०० कामगारांचा अभ्यास १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्हीपासून लांब असलेल्या माणसाच्या तुलनेत, फक्त अ‍ॅस्बेस्टॉसमध्ये काम केलेल्याला फुप्फुसाच्या कर्करोगानं मृत्यूचा धोका सुमारे पाचपट, फक्त धूम्रपान करणाऱ्याला अकरापट, आणि दोन्ही करणाऱ्याला त्रेपन्नपट होता. आत गेलेला धागा काढता येत नाही. विडी विझवता येते, आणि ती विझवल्यावर हा धोका वर्षागणिक उतरत जातो. मेसोथेलिओमाचं मात्र तंबाखूशी नातं नाही, त्यामुळे त्याचा धोका विडी सोडून उतरत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे कमी किरणोत्साराचा सीटी स्कॅन. २०११ मध्ये अमेरिकेतल्या ५३,००० हून अधिक लोकांवरच्या चाचणीत, भरपूर सिगारेट ओढलेल्यांत दरवर्षी असा स्कॅन केल्यानं फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. हेलसिंकी निकष सांगतात की अ‍ॅस्बेस्टॉस आणि धूम्रपान मिळून ज्यांचा धोका त्या लोकांइतका होतो, त्यांनाही हा स्कॅन करावा. आपल्याकडे एक अडचण मोठी: जुन्या क्षयाच्या खुणा असंख्य फुप्फुसांत असतात आणि स्कॅनमध्ये त्या गाठीसारख्या दिसतात. म्हणून स्कॅन वाचणाऱ्याला ‘पूर्वी टीबी झाला होता’ हे सांगितलंच पाहिजे, आणि जुना एक्स-रे असेल तर तो सोबत न्यायचा.

रक्तात जीवनसत्त्वं कमी म्हणून कर्करोग होतो, गोळ्या घेतल्या तर?

थांबा. ही चूक आधी एकदा झालेली आहे, तीही अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांवरच. ज्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटिन कमी त्यांना फुप्फुसाचा कर्करोग जास्त होतो, असं अनेक अभ्यासांत दिसलं होतं. म्हणजे तीही रक्तातली एक खूणच. मग सरळ विचार असा झाला की गोळ्या देऊन पातळी वाढवू, कर्करोग कमी होईल. अमेरिकेत १८,३१४ लोकांना घेऊन मोठी चाचणी सुरू झाली. त्यांत धूम्रपान करणारे स्त्री-पुरुष होते आणि अ‍ॅस्बेस्टॉसमध्ये काम केलेले चार हजारांहून जास्त पुरुष होते. निम्म्यांना बीटा-कॅरोटिन आणि अ जीवनसत्त्व, निम्म्यांना नुसती साखरेची गोळी. जानेवारी १९९६ मध्ये चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली, कारण खरं औषध घेणाऱ्यांत फुप्फुसाचे कर्करोग २८ टक्क्यांनी आणि एकूण मृत्यू १७ टक्क्यांनी जास्त निघाले. त्याच्या दोन वर्षं आधी फिनलंडमधल्या २९,००० पुरुष धूम्रपान करणाऱ्यांच्या चाचणीतही असंच घडलं होतं.

रक्तातली पातळी कमी होती ती बहुधा त्या लोकांच्या एकूण खाण्यापिण्याची आणि सिगारेटची सावली होती. रोगाचं कारण ती नव्हती. गाजर, पालक, भोपळा खुशाल खा. बीटा-कॅरोटिनच्या मोठ्या डोसाच्या गोळ्या मात्र धूम्रपान करणाऱ्या किंवा अ‍ॅस्बेस्टॉसमध्ये काम केलेल्या माणसानं घेऊ नयेत, मग डबीवर ‘नैसर्गिक’ लिहिलेलं असलं तरी.

एकाच खात्यात काम केलेल्या दोघांपैकी एकालाच रोग का होतो?

धुळीचं प्रमाण, वर्षं, नशीब, आणि थोडा वारसा. २०११ मध्ये अमेरिकेतल्या, घरात अनेकांना मेसोथेलिओमा झालेल्या दोन कुटुंबांत बीएपी-१ नावाच्या जनुकात जन्मजात बिघाड सापडला. असा बिघाड रक्ताच्या नमुन्यातून कळतो आणि ज्याच्याकडे आहे त्याचा धोका खरोखर मोठा असतो. पण तो विरळा आहे. घरात मेसोथेलिओमा, डोळ्यातला मेलॅनोमा (रंगपेशींचा कर्करोग) किंवा मूत्रपिंडाचा कर्करोग एकाहून जास्त जणांना झाला असेल, तरच जनुकतज्ज्ञाकडे जाण्यात अर्थ आहे.

आईनं कधी कारखाना पाहिला नाही, पण वडिलांचे कामाचे कपडे तीच धुवायची. तिलाही धोका?

हो. कपड्यांवरून घरी आलेल्या धुळीमुळे बायकांना मेसोथेलिओमा झाल्याची उदाहरणं अनेक देशांत नोंदली गेली आहेत. तिला छातीत पाणी झालं किंवा कारण नसताना पोट फुगू लागलं, तर डॉक्टरांना वडिलांच्या कामाबद्दल न विसरता सांगा. डॉक्टर बाईला हा प्रश्न सहसा विचारत नाहीत.

घरावर सिमेंटचे पत्रे आहेत. रक्त तपासून घेऊ का?

त्यासाठी नको. चांगल्या स्थितीतल्या पत्र्यात धागे सिमेंटमध्ये जखडलेले असतात. धोका कापताना, भोक पाडताना, फोडताना, घासून धुताना. तुटके पत्रे ओले करून, न फोडता उतरवा आणि तुकडे अंगणात पसरू नका.

नुकसानभरपाईसाठी रक्ताचा रिपोर्ट चालतो का?

पुरावा म्हणून त्याचा उपयोग नाही. तिथे लागतं ते कामाचा इतिहास, एक्स-रे किंवा सीटी, फुप्फुसाच्या क्षमतेची तपासणी, आणि कर्करोग असेल तर बायोप्सी. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात अ‍ॅस्बेस्टॉसिस (या धुळीनं फुप्फुस कडक होत जाणं) आणि अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारे फुप्फुसाचा कर्करोग व मेसोथेलिओमा हे व्यवसायजन्य आजार म्हणून आले होते; नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली आहे. सर्वोच्च न्यायालयानं २७ जानेवारी १९९५ च्या निकालात कारखान्यांना बजावलं की प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यांतली जी मुदत नंतर संपेल तोवर ठेवायची. ती नोंद मागा, लेखी मागा. हजेरीचं कार्ड, पगाराची चिठ्ठी, ईएसआयचं कार्ड, पीएफची पावती, खात्यातला जुना ग्रुप फोटो, यातलं काहीही टाकू नका. सोबतच्या दोन कामगारांची लेखी साक्षही कामाला येते.

रक्ताच्या रिपोर्टशिवाय आजार दाखवून देणं शक्य आहे, हे मुंबईत दिसलं आहे. इथल्या एका अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यातल्या कामगारांच्या तपासणीचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात पाचपैकी एकाहून अधिक जणांना अ‍ॅस्बेस्टॉसिस निघाला. तो शोधला एक्स-रे, स्टेथोस्कोप, फुंकर मारायच्या यंत्रानं आणि कामाबद्दल नीट विचारलेल्या प्रश्नांनी. महागड्या रक्ततपासणीची गरज पडली नाही.

एका अभ्यासासाठी आमचं रक्त मागत आहेत. द्यावं का?

द्यायला हरकत नाही, उलट द्यावं. मेसोथेलिनबद्दल जे काही कळलं ते विटनूम आणि जर्मनीतल्या कामगारांनी वर्षानुवर्षं रक्त दिलं म्हणूनच. भारतातल्या कामगारांचा असा साठा नाही आणि मूत्रपिंडाचे विकार, क्षय, विडी यांसह आपल्या शरीरात या खुणा कशा वागतात हे इथल्या रक्तातूनच कळेल. सही करण्यापूर्वी विचारा: रिपोर्ट मला मिळणार का? जास्त आला तर पुढच्या तपासणीचा खर्च कोण करणार? माझं नाव कारखान्याच्या मालकाला कळणार का? नमुना किती वर्षं ठेवणार? मराठीत लिहिलेलं संमतीपत्र मागा आणि त्याची प्रत घरी आणा.

कोणत्या लक्षणांवर लगेच जायचं?

एका बाजूला छातीत सतत दुखणं, वाढत जाणारा दम, थुंकीतून रक्त, कारण नसताना वजन उतरणं, आवाज बसून तीन आठवड्यांत न सुटणं. आणि छातीत पाणी. आपल्याकडे छातीतलं पाणी म्हणजे टीबी असं धरून औषधं सुरू होतात, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण पाणी काढल्यावर पुन्हा भरलं, किंवा टीबीच्या औषधांनी फरक पडला नाही, तर ‘मी अमुक वर्षं अ‍ॅस्बेस्टॉसमध्ये काम केलं आहे’ हे वाक्य डॉक्टरांना केस पेपरवर लिहायला लावा आणि आवरणाची बायोप्सी करायची का ते विचारा.